सुईच्या आधी चित्र: प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या निदानासाठी एमआरआय कसा करून घ्यावा आणि कसा वाचावा

साठी ओलांडलेल्या गृहस्थांच्या वार्षिक रक्ततपासणीत पीएसएचा (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होऊन रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाचा) आकडा ४ च्या वर आला, की घरात कर्करोगाची धास्ती शिरते आणि पाठोपाठ बायोप्सीचा विषय निघतो. अनेक वर्षे रीत अशीच होती. गुदाशयात सोनोग्राफीचा प्रोब घालून प्रोस्टेटच्या ठरावीक १० ते १२ जागांमधून सुईने बारीक तुकडे काढले जात. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार चांगला दिसतो, पण आतली गाठ बहुधा दिसत नाही, त्यामुळे सुई अंदाजाने फिरते. अंदाज चुकला तर घातक गाठ निसटते. किंवा आयुष्यभर काही त्रास न देणारी मंद, बारीक गाठ हाती लागते आणि तिच्यापायी एरवी धडधाकट असलेला माणूस शस्त्रक्रियेच्या वाटेला लागतो. म्हणून माझा आग्रह आहे, की पीएसए वाढलेला असेल तर सुईच्या आधी एमआरआयचे चित्र हवे, आणि ते चित्र नीट काढलेले हवे.

या आग्रहाला भक्कम आधार आहे. ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ या अभ्यासात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय झाला, मग नेहमीची बायोप्सी झाली, आणि दोन्हींची परीक्षा घेण्यासाठी भूल देऊन दर ५ मिलिमीटरवर सुई घालून संपूर्ण ग्रंथीही तपासली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना उपचार करण्याजोगा, म्हणजे ‘महत्त्वाचा’ कर्करोग होता, त्यांपैकी ९३ टक्के पुरुषांत तो एमआरआयने हेरला, तर नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी ५०० पुरुषांवरील ‘प्रिसिजन’ या चाचणीत, आधी एमआरआय करून फक्त संशयित जागी सुई घातलेल्या गटात असा कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडला, तर थेट बायोप्सीच्या गटात २६ टक्क्यांत. शिवाय एमआरआयच्या गटातील २८ टक्के पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही.

या तपासणीची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. ‘प्रॉमिस’मध्ये एमआरआयने संशयित ठरवलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांत महत्त्वाचा कर्करोग नव्हता. सुई कुठे घालावी आणि घालावी की नाही, हे एमआरआय सांगतो. कर्करोग आहे हे शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्टच सांगतो. आणि ज्या रुग्णाचा पीएसए शेकड्यात आहे, गुदद्वारातून बोटाने तपासताना ग्रंथी दगडासारखी लागते आणि कंबरेची हाडे दुखत आहेत, त्याच्यासाठी एमआरआयची तारीख मिळेपर्यंत बायोप्सी अडवून धरण्यात अर्थ नसतो.

पहिली पायरी: पीएसएचा आकडा खरा आहे का ते पाहणे

लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी अडकल्यामुळे घातलेली नळी, नुकतीच झालेली दुर्बिणीची तपासणी यांपैकी कशानेही पीएसए चढतो. असे काही घडले असेल तर त्यावर उपचार करून, काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासणी पुन्हा करावी. उलट बाजूची चूक अधिक धोक्याची आहे. लघवीच्या तक्रारीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे सहा महिने ते वर्षभर चालू असतील, तर पीएसए सुमारे निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावरचा ३.५ हा आकडा प्रत्यक्षात ७ च्या जवळचा असतो. गोळ्यांची नावे डॉक्टरांपुढे ठेवल्याशिवाय पीएसएचा अर्थ लावू नये.

दुसरी पायरी: चिठ्ठी

सर्वांत जास्त नुकसान या साध्या कागदावर होते. चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय पेल्व्हिस’ लिहिले असेल, तर केंद्रावरील तंत्रज्ञ ओटीपोटाचा सर्वसाधारण स्कॅन करतो, ज्यात काप जाड असतात आणि प्रोस्टेट चित्राच्या मधोमध सुपारीएवढी दिसते. त्यात ६ मिलिमीटरची गाठ शोधणे कोणालाही शक्य नाही. चिठ्ठीवर ‘एमआरआय प्रोस्टेट, पाय-रॅड्सनुसार’ (पाय-रॅड्स म्हणजे प्रोस्टेटचा एमआरआय काढण्याची आणि वाचण्याची प्रमाण पद्धत) असे स्पष्ट लिहून घ्यावे. त्याच चिठ्ठीवर पीएसएचे आतापर्यंतचे सगळे आकडे तारखांसह, बोटाच्या तपासणीत काय आढळले, आधी बायोप्सी झाली असल्यास तिची तारीख आणि निकाल, घरात वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला होता का, आणि मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे डोस दिले गेले होते का, हेही असावे. हा शेवटचा प्रश्न अनेकांना असंबद्ध वाटतो. तो का विचारला, हे पुढे येईल.

केंद्र निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात. यंत्र ३ टेस्लाचे असेल (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) तर उत्तम, पण चांगले जमवलेले १.५ टेस्लाचे यंत्रही चालते. ‘प्रॉमिस’मधील स्कॅन १.५ टेस्लावरच झाले होते. संकेत टिपण्यासाठी गुदाशयात घालायच्या कॉइलची आता सहसा गरज पडत नाही. दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा: प्रोस्टेटचे स्कॅन नियमितपणे कोण वाचतो? यंत्राच्या ताकदीपेक्षा वाचणाऱ्याच्या सरावाने निदानात जास्त फरक पडतो.

आधी बायोप्सी झाली असेल तर किमान सहा आठवडे, जमल्यास त्याहून अधिक थांबावे, कारण सुईमुळे साचलेले रक्त गाठीसारखे गडद दिसून फसवते.

तिसरी पायरी: तयारी

हृदयाचा पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण, यांपैकी काहीही असेल तर वेळ घेतानाच सांगावे. आयुष्यभर लेथवर किंवा वेल्डिंगचे काम केलेल्या माणसाने डोळ्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘आठवत नाही’ असे देऊन भागत नाही. तिथे आधी डोळ्यांचा एक्स-रे काढणे रास्त ठरते. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर स्कॅन बहुधा होऊ शकतो, मात्र धातूमुळे चित्राचा काही भाग वेडावाकडा येतो आणि तंत्रज्ञाला मांडणी बदलावी लागते.

आता पोटाविषयी. प्रोस्टेटच्या अगदी पाठीशी गुदाशय असते. त्यात वायू साठलेला असेल, तर पुढे ज्याला डिफ्यूजन म्हटले आहे ते सर्वांत मोलाचे चित्र नेमके मागच्या भागात ताणले जाते, आणि बहुतेक गाठी तिथेच असतात. म्हणून आदल्या दिवशी हलके जेवण घ्यावे, कडधान्ये व पोटात वायू धरणारे पदार्थ टाळावेत, आणि स्कॅनला जाण्याआधी शौचाला जाऊन यावे. काही केंद्रे छोटा एनिमा देतात. आतड्याची हालचाल मंदावण्यासाठी हायोसिनचे इंजेक्शन दिले जाऊ शकते. काचबिंदू असलेल्यांनी तसे आधी सांगावे. लघवी करून आत जावे, म्हणजे अर्ध्यातून उठावे लागत नाही. तीन दिवस वीर्यपतन टाळावे असेही काही जण सुचवतात. त्याने शुक्राशय भरलेले दिसतात, पण ही अट सक्तीची नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एमआरआयसाठी बंद करायच्या नसतात, तो विचार बायोप्सीच्या वेळी.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावे म्हणून शिरेतून द्यायचे गॅडोलिनियमयुक्त औषध, द्यायचे असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या कामाच्या रक्ततपासणीचा) अहवाल लागतो, कारण मूत्रपिंडे खूपच कमजोर असतील तर गॅडोलिनियमचा प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे किरणोत्साराची भीती बाळगण्याचे कारण नाही. आवाज मात्र मोठा असतो आणि नळी अरुंद असते. बंदिस्त जागेत घाबरणाऱ्यांनी ते आधी कबूल केलेले बरे, कारण मधेच हललेल्या माणसाचे चित्र पुन्हा काढावे लागते.

चौथी पायरी: यंत्रात काय काय काढले जाते

प्रोस्टेटच्या एमआरआयला बहुघटकी म्हणतात, कारण त्यात एकाच ग्रंथीची वेगवेगळ्या गुणधर्मांची चित्रे घेतली जातात.

पहिले चित्र टी-२. ३ मिलिमीटर जाडीचे, मधे जागा न सोडता घेतलेले हे काप ग्रंथीची रचना दाखवतात. प्रोस्टेटची संत्र्याशी तुलना केली तर साल म्हणजे बाह्य विभाग आणि गर म्हणजे मूत्रमार्गाभोवतीचा संक्रमण विभाग. वयाबरोबर जो वाढतो आणि लघवी अडवतो तो गर. कर्करोग मात्र सुमारे ७० ते ७५ टक्के वेळा सालीत होतो. निरोगी सालीत पाण्याने भरलेल्या ग्रंथिका असतात, म्हणून टी-२ वर ती पांढरी, उजळ दिसते, आणि त्या पांढऱ्यावर कर्करोगाचा काळपट डाग उठून येतो.

दुसरे चित्र डिफ्यूजनचे, म्हणजे पेशींच्या अवतीभवती पाण्याचे रेणू किती मोकळेपणी हलतात याचे. मोकळ्या मैदानात माणूस हवा तसा फिरतो, पण आषाढीच्या गर्दीत त्याला पाऊल उचलणे कठीण होते. कर्करोगात पेशी अशाच दाटीने बसलेल्या असतात आणि पाणी अडते. ही अडवणूक किती, ते बी-व्हॅल्यू नावाच्या आकड्याने ताणून पाहिले जाते. प्रोस्टेटसाठी १४०० किंवा त्याहून अधिक बी-व्हॅल्यूचे एक चित्र असायलाच हवे. त्यावर कर्करोग पांढरा चमकतो. पण नुसते पाणी जास्त असलेली जागाही कधी कधी चमकते, म्हणून याच माहितीवरून एडीसी नकाशा तयार केला जातो, ज्यात खरी अडवणूक असलेली जागा काळी दिसते. एकाच जागी एका चित्रात पांढरा आणि दुसऱ्यात काळा ठिपका, ही जोडी सापडली की वाचणारा थबकतो. बाह्य विभागात एडीसीचे मूल्य ७५० ते ९०० च्या खाली गेले तर संशय बळावतो, परंतु हा आकडा यंत्रागणिक बदलतो, म्हणून निव्वळ त्यावर निकाल देऊ नये.

तिसरे चित्र कॉन्ट्रास्टचे. शिरेतून गॅडोलिनियम सोडून दर १५ सेकंदांच्या आत एक, अशा वेगाने चित्रे घेतली जातात. गाठीच्या नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांमुळे ती जागा शेजारच्या भागाआधी किंवा त्याच्याबरोबर उजळते. हे चित्र प्रत्येकाला लागते का, यावर बराच वाद होता. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइम’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४९० पुरुषांचे स्कॅन कॉन्ट्रास्टसह आणि त्याशिवाय असे दोन्ही प्रकारे वाचले गेले, तेव्हा महत्त्वाचा कर्करोग अनुक्रमे २९.६ आणि २९.२ टक्क्यांत सापडला. फरक नगण्य आहे. कॉन्ट्रास्टशिवायचा स्कॅन १५ ते २० मिनिटांत होतो आणि खर्चही वाचतो, जे आपल्याकडील रुग्णांसाठी मोठेच आहे. तरीही एक अट विसरता कामा नये: त्या अभ्यासात चित्रांच्या दर्जावर काटेकोर लक्ष होते. डिफ्यूजन वायूने किंवा खुब्यातील धातूने बिघडले असेल, तर कॉन्ट्रास्ट हाच हाताशी उरलेला आधार असतो.

पाचवी पायरी: वाचन आणि पाय-रॅड्सचा आकडा

या वाचनाला सर्वत्र एकच मोजपट्टी असावी म्हणून पाय-रॅड्स ही पद्धत तयार झाली. पहिली आवृत्ती २०१२ ची, आणि सध्या वापरात असलेली २.१ ही २०१९ ची. तिच्यात संशयाचे १ ते ५ असे अंश आहेत. १ म्हणजे महत्त्वाच्या कर्करोगाची शक्यता फारच कमी, ५ म्हणजे फारच जास्त.

तिन्ही चित्रांना सारखे मत नाही, हे समजून घेतले तर पुढचे सोपे जाते. बाह्य विभागात डिफ्यूजनचा शब्द अंतिम. तिथे एडीसीवर ठळक काळा आणि उच्च बी-व्हॅल्यूवर ठळक पांढरा असा स्वतंत्र ठिपका असेल तर ४. तोच १५ मिलिमीटर किंवा मोठा असेल, अथवा ग्रंथीबाहेर निश्चित गेलेला असेल, तर ५. डिफ्यूजनने ३ दिले आणि त्या जागी कॉन्ट्रास्ट लवकर उजळले, तर ३ चे ४ होतात. संक्रमण विभागात मात्र टी-२ चा शब्द चालतो, कारण तिथे वयोमानाने वाढलेल्या गाठोळ्यांची गर्दी असते आणि त्यांतल्या कित्येक डिफ्यूजनवरही गडद दिसतात. ज्या गाठोळीभोवती पूर्ण, स्वच्छ कडा आहे ती निरुपद्रवी. ज्या जागी कडा नाही, आतले सगळे एकसारखे काळपट आहे, जणू कोळशाने काढलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला आहे, ती जागा संशयास्पद.

अंश ३ असलेल्या जागेत महत्त्वाचा कर्करोग साधारण पाचांतल्या एका रुग्णात निघतो, ४ मध्ये निम्म्यांच्या आसपास, आणि ५ मध्ये बहुतेकांत. म्हणजे ४ वाचून अंत्ययात्रेची तयारी करण्याचे कारण नाही, आणि ३ वाचून कागद कपाटात टाकण्याचेही नाही.

फसवणाऱ्या जागा अनुभवानेच ओळखू येतात. ग्रंथीच्या वरच्या भागात शुक्रवाहिन्यांभोवती दोन्हीकडे सारखाच दिसणारा गडद भाग हा बहुधा मूळचा मध्य विभाग असतो. जुनी सूज पाचरीच्या किंवा रेघेच्या आकाराची दिसते. सर्वांत पक्की फसवणूक करते ती ग्रॅन्युलोमायुक्त (पेशींचे बारीक पुंजके असलेली) सूज: क्षयरोगामुळे किंवा मूत्राशयात दिलेल्या बीसीजीमुळे आलेली ही सूज तिन्ही चित्रांवर हुबेहूब पाय-रॅड्स ५ सारखी दिसू शकते. चिठ्ठीवर बीसीजीचा उल्लेख मागितला तो यासाठी.

सहावी पायरी: अहवाल हाती आल्यावर

चांगल्या अहवालात ग्रंथीचे आकारमान, चित्रांचा दर्जा, प्रत्येक संशयित जागेचा विभाग, माप व अंश, आणि त्या जागांची खूण केलेला नकाशा असतो. पाय-रॅड्सच्या नकाशात ४१ कप्पे आहेत, आणि जास्तीत जास्त चार जागांची नोंद करून त्यांतली मुख्य कोणती ते सांगायचे असते. ‘डाव्या बाजूस संशयास्पद भाग’ एवढेच लिहिलेल्या अहवालावरून सुई कुठे न्यावी हे युरोलॉजिस्टला कळत नाही. अशा वेळी केंद्राकडे पुरवणी अहवाल मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

आता स्वतः करून पाहण्याजोगे एक गणित. अहवालात ग्रंथीची मापे ५.२, ४.६ आणि ५.० सेंटिमीटर आहेत असे समजा. त्यांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणले की आकारमान सुमारे ६२ मिलिलिटर येते. पीएसए ७.८ असेल तर ७.८ भागिले ६२ म्हणजे ०.१३, ही पीएसएची घनता. तोच ७.८ पीएसए ३२ मिलिलिटरच्या ग्रंथीत असता तर घनता ०.२४ झाली असती. मोठी ग्रंथी नैसर्गिकरीत्याच जास्त पीएसए तयार करते, म्हणून पहिल्या गृहस्थांचा आकडा बराचसा वाढलेल्या ग्रंथीचा आहे, तर दुसऱ्यांचा तितका सहज समजावून सांगता येत नाही. पुष्कळ तज्ज्ञ ०.१५ ही रेषा मानतात. अंश ३ आणि घनता या रेषेच्या खाली, तर पीएसए तपासत थांबण्याचा विचार करता येतो. घनता वर, तर बायोप्सीकडे कल जातो. अंश ४ किंवा ५ असेल तर घनता काहीही असो, बायोप्सी करावी.

गाठ ग्रंथीबाहेर गेली आहे का, शुक्राशयात शिरली आहे का, लसिकाग्रंथी किंवा ओटीपोटाची हाडे बाधित दिसतात का, हेही याच स्कॅनमध्ये कळते, आणि शस्त्रक्रियेत लिंगाच्या ताठरतेच्या नसा वाचवता येतील का याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. मात्र सूक्ष्म प्रमाणात बाहेर गेलेल्या पेशी एमआरआयला दिसत नाहीत.

सातवी पायरी: चित्रावरून सुईकडे

संशयित जागी सुई नेण्याचे तीन मार्ग आहेत. अनुभवी डॉक्टर एमआरआय पाहून, जागा मनात ठेवून सोनोग्राफीखाली सुई घालतात. फ्यूजन पद्धतीत संगणक एमआरआयचे चित्र चालू सोनोग्राफीवर बसवतो. आणि क्वचित एमआरआय यंत्रातच बायोप्सी होते. छोट्या किंवा पुढच्या भागातल्या गाठीसाठी फ्यूजन उपलब्ध असेल तर ते घ्यावे. संशयित जागेतून तीन-चार तुकडे आणि सोबत आजूबाजूचे किंवा नेहमीच्या जागांचे तुकडे, अशी पद्धत रूढ होत आहे. सुई गुदाशयातून न घालता वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घातली, तर जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो.

एमआरआयने ५ दिले आणि बायोप्सीत काहीच निघाले नाही, तर सुटलो म्हणून घरी जाऊ नये. रेडिओलॉजिस्ट, युरोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून पाहावे: सुई नेमकी त्या जागी गेली होती का, आणि निघालेल्या तुकड्यात गडद डागाचे दुसरे कारण, उदाहरणार्थ सूज, दिसते का? कारण मिळाले नाही तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.

अंश १ किंवा २ आला तर बहुतेकांना सुईची गरज नसते, पण एमआरआय अचूक नाही. ‘प्रॉमिस’मध्ये स्वच्छ स्कॅन असलेल्या दर दहांपैकी सुमारे एकात महत्त्वाचा कर्करोग होता. म्हणून अशा माणसाचा पीएसए ठरावीक अंतराने पाहत राहावे लागते, आणि घनता जास्त किंवा वडील-भावांत हा आजार असेल तर स्कॅन स्वच्छ असूनही बायोप्सीविषयी डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. कागदी फिल्मवर समाधान न मानता संपूर्ण स्कॅनची सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्यावी, कारण फिल्मवर निवडक काप असतात आणि एडीसीचे मूल्य मोजता येत नाही. वर्षा-दोन वर्षांनी स्कॅन पुन्हा करायची वेळ आली, तर तो शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करून घ्यावा, आणि जुनी सीडी वाचणाऱ्याच्या हातात स्कॅनच्या आधी द्यावी.